हसवण्याचा सराव सोलापुरातच करता यावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका ज्येष्ठ वाचकांनी स्टँड-अप कॉमेडीच्या, म्हणजे मंचावर एकट्याने उभे राहून विनोद सांगण्याच्या, नादी लागलेल्या सोलापूरच्या तरुणांविषयी काळजी व्यक्त केली होती. हातात माइक घ्यायचा, आई-वडिलांची, शिक्षकांची आणि देवाधर्माची टिंगल करायची, मधूनमधून शिव्या पेरायच्या आणि त्याला कला म्हणायचे, असा त्यांच्या पत्राचा एकंदर सूर होता. या वयातील मुलांनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा, नाहीतर एखादे कौशल्य शिकून घ्यावे, असेही त्यांनी सुचवले होते. मी त्या तरुणांपैकीच एक आहे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब लिहिण्याची नोकरी करते आणि संध्याकाळी विनोद लिहिते. संधी मिळेल तेव्हा तो लोकांसमोर उभे राहून सांगते. त्या पत्रलेखकांची कळकळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्याला त्यांनी नाद म्हटले आहे ते मेहनतीने शिकावे लागणारे कौशल्यच आहे, आणि ते शिकायला आपल्या शहरात नियमित अशी जागा नाही, ही मला अधिक काळजीची बाब वाटते. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, म्हणून पत्र लांबले तर कृपया समजून घ्यावे.

हा प्रकार ज्यांनी फक्त मोबाइलवर पाहिला आहे त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे की, एखादा बोलका मुलगा मंचावर जातो, तोंडाला येईल ते बोलतो आणि लोक हसतात. प्रत्यक्षात मुरलेला विनोदकार जे सहज बोलल्यासारखे बोलतो, त्यातील बहुतेक वाक्ये लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली आणि लोकांसमोर अनेकदा पडलेली असतात. नवख्या मुलाला ओपन माइकमध्ये, म्हणजे कोणीही नाव नोंदवून मंचावर येऊ शकतो अशा कार्यक्रमात, चार-पाच मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात सांगायच्या मजकुराला आम्ही सेट म्हणतो. ऐकणाऱ्याला आधी एका वाटेने न्यायचे, तो सेटअप. आणि त्याला अपेक्षा नसेल अशा ठिकाणी वळवायचे, तो पंच. पंचावर हशा आला की तो ओसरायच्या आत त्याच धाग्यातले आणखी एक छोटे वाक्य टाकता आले तर तो टॅग. पाच मिनिटांत एकही वाक्य फुकट जाणार नाही असा सेट तयार व्हायला अनेकांचे वर्ष-दीड वर्ष सहज जाते, आणि तो तयार झाल्यावरही तो माणूस शिकाऊच समजला जातो.

हे काम कसे चालते याचे एक उदाहरण देते. आमच्या गटातील एका मुलाने शहरातील पाण्यावर विनोद लिहिला. उजनी धरण काठोकाठ भरलेले असतानाही आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्याने पहिल्यांदा सांगितला तो विनोद असा होता: ‘पोरगी बघायला गेलतो. तिच्या वडलांनी मला पगार विचारला आणि माझ्या वडलांनी तुमच्याकडं पाणी किती दिवसाआड येतं ते विचारलं, कारण त्या भागात नवी टाकी झाली म्हणून कुणीतरी सांगितलं होतं.’ पाण्याचा शब्द येताच समोरच्या दोन-तीन टेबलांवर हसू फुटले. पण हा अजून बोलतच होता, म्हणून पुढचे ऐकण्यासाठी लोक गप्प झाले, आणि टाकीपर्यंत येऊन तो थांबला तेव्हा हसण्यासारखे काही उरले नव्हते. पुढच्या खेपेस त्याने टाकी काढून टाकली. ‘पोरगी बघायला गेलतो. तिच्या वडलांनी विचारलं, पगार किती? माझ्या वडलांनी विचारलं, पाणी किती दिवसाआड?’ एवढे बोलून तो थांबला. या वेळी सगळी खोली हसली. त्यानंतरच्या एका कार्यक्रमात मागे बसलेल्या एक मावशी न राहवून मोठ्याने म्हणाल्या, ‘आमच्याकडं पाचव्या दिवशी!’ त्यावर त्याने लगेच उत्तर दिले, ‘मग नको मावशी. पत्रिकेत मंगळ चालंल, पाचवा दिवस चालणार नाही.’ त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा या वाक्याला मिळाला, आणि आता ते त्याच्या सेटमध्ये कायमचे बसले आहे.

या तीन पायऱ्यांपैकी एकही पायरी त्याला घरी बसून चढता आली नसती. आरशासमोर बोलून हशा कुठे येतो ते समजत नाही. मित्र हसतात, पण ते त्याला ओळखतात म्हणून हसतात. कापड मागावर असताना बरे दिसते आणि उजेडात धरल्यावर त्यातला तुटलेला धागा दिसतो, तसे अनोळखी लोकांसमोर उभे राहिल्यावरच कोणते वाक्य जास्तीचे आहे ते कळते. गाणाऱ्याला एकांतात रियाज करता येतो, चित्रकाराला एकट्याने रेखाटने करता येतात. विनोद सांगणाऱ्याचा मात्र निम्मा सराव ऐकणाऱ्यांशिवाय होऊच शकत नाही. म्हणूनच आठवड्याला एकदा तरी, दर वेळी थोड्या वेगळ्या माणसांसमोर उभे राहणे ही या कामाची पहिली गरज आहे, आणि नेमकी तीच सोलापुरात भागत नाही.

सध्याची परिस्थिती अशी आहे. विजापूर रस्त्यावरील किंवा सात रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या कॅफेचा मालक हौशी असेल आणि त्याची टेबले त्या दिवशी रिकामी राहणार असतील, तर तो आम्हाला दोन तास देतो. पुढचा कार्यक्रम कधी होईल ते कोणालाच सांगता येत नाही. कधी त्याच संध्याकाळी वाढदिवसाची मंडळी येतात आणि आमचा कार्यक्रम रद्द होतो. झालाच, तर नेमक्या पंचाच्या क्षणी मागे कॉफीचे मिक्सर सुरू होते. मालकांना मी दोष देत नाही, कारण त्यांचा तो धंदा आहे आणि आमच्यासाठी त्यांनी तो बंद ठेवावा असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु महिना-दोन महिन्यांतून एकदा मिळणाऱ्या पाच मिनिटांवर काही शिकणे अवघड आहे. मागच्या वेळी काय चुकले ते दुरुस्त करून पाहायचे, तर तोपर्यंत हात पुन्हा आखडलेले असतात.

मग पुण्याला जा, असे सर्वजण सांगतात. पुण्यात आणि मुंबईत आठवड्यातील बहुतेक दिवशी कुठे ना कुठे ओपन माइक असतो, आणि धडपडी मुले एका रात्री दोन ठिकाणी जाऊन तोच सेट दोनदा सांगून पाहतात. सोलापूरच्या नोकरदार मुलाला किंवा मुलीला त्यासाठी काय करावे लागते, तेही पाहावे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्याहून परतीची हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते, आणि ओपन माइक सुरू होतात ते त्यानंतर दोन-अडीच तासांनी. सिद्धेश्वर एक्सप्रेस पुण्यात मध्यरात्रीनंतर येते. म्हणजे पाच मिनिटे बोलण्यासाठी एक दिवसाची रजा टाकायची, अर्धी रात्र फलाटावर काढायची आणि सकाळी सोलापुरात उतरून तसेच कामावर जायचे. एवढे करून नाव यादीत लागेलच याची खात्री नसते. बऱ्याच ठिकाणी नावे जास्त आणि जागा कमी अशी स्थिती असते. ज्यांना हे परवडते ते शेवटी पुण्यातच खोली घेऊन राहतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यापैकी अनेकजण हे काम सोडून देतात, आणि त्यांत चांगले लिहिणारी मुले असतात हे मी जवळून पाहिले आहे.

येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आहेत, विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे. त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य आणि नकला सादर करणारी किती तरी मुले आपल्या तालुक्यांतून येतात, आणि त्यांची तयारी पाहून अभिमान वाटतो. परंतु तो उत्सव वर्षातून एकदाच येतो आणि त्याचे स्वरूप स्पर्धेचे आहे. परीक्षकांसमोर फसलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात सुधारून दाखवण्याची सोय तेथे नसते. शिवाय पदवी हातात पडली की तो दरवाजाही बंद होतो, आणि स्वतःच्या आयुष्याविषयी सांगण्यासारखे काही साचू लागते ते बहुधा त्यानंतरच.

खरे तर सोलापूरला एकट्याने उभे राहून हसवणारा माणूस नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातील अकलूजची लावणी स्पर्धा राज्यभर गाजलेली आहे. तमाशात गण-गवळणीनंतर जी बतावणी होते, तिच्यात सोंगाड्या समोरच्या गावाचे नाव, तिथल्या पाटलाची सवय, त्या वर्षीचा पाऊसपाणी असे काहीतरी पकडून आयत्या वेळी विनोद उभा करतो. ज्याला आम्ही आज क्राउड वर्क म्हणतो ते याहून फार वेगळे नाही. भारुडात एकटा माणूस वेश बदलून हसवता हसवता खडे बोल सुनावतो. जानेवारीत होम मैदानावर गड्डा यात्रा भरली की तिकिटासाठी हाका मारणारा माणूस समोरून येणाऱ्या कुटुंबाचा अंदाज घेऊन मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून हिंदीत जातो, आणि चालणाऱ्यांचे पाय थांबवतो. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहून ऐकत असते. कोणत्या शब्दावर माणूस वळतो हे त्याला इतके नेमके ठाऊक असते की, आमच्यापैकी कोणालाही त्याच्याकडून शिकावे असे वाटेल.

भाषांचाच विषय निघाला आहे तर त्यावर थोडे अधिक लिहिते, कारण सोलापूरच्या मुलांची खरी दौलत तिथे आहे असे मला वाटते. आमच्या घरी तेलुगू बोलतात. पूर्व भागातील असंख्य पद्मशाली घरांप्रमाणे आमचे पूर्वज मागाच्या कामासाठी तेलंगणातून आले आणि सोलापूरकर झाले. शाळा मराठी माध्यमाची, शेजार कन्नड बोलणारा, आणि गल्लीच्या टोकाला दख्खनी उर्दू. आजी रागावते तेलुगूत, भाजीवाली घासाघीस करते कन्नडमध्ये, रिक्षावाला टोमणा मारतो दख्खनीत, आणि हे सर्व मी सांगते ते ‘काय करलालास’ म्हणणाऱ्या सोलापुरी मराठीत. एवढे साहित्य एका चौकात उपलब्ध असलेली शहरे फार नसतील. आजवर मालिका-सिनेमांत या बोलीचा उपयोग बहुतेक वेळा नोकर, गावंढळ पाहुणा किंवा गुंड दाखवण्यासाठी झाला. हसू त्या माणसाच्या बोलण्याचे असायचे. आमची मुले मंचावर उभी राहून हीच बोली बोलतात तेव्हा चतुर माणूस तीच असतात आणि लोक त्यांच्या बरोबरीने हसतात. या फरकाचे मोल मला फार वाटते.

हे घडण्यासाठी महानगरातच जन्मावे लागते असे नाही, हेही आता दिसून आले आहे. इंदूरचा झाकिर खान आपल्या घरातल्या, गल्लीतल्या हिंदीत बोलत राहिला आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हिंदीतून कार्यक्रम केला. विनोदकार वीर दास याला २०२३ मध्ये विनोदासाठीचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. मराठीत ‘भाडिपा’ (भारतीय डिजिटल पार्टी) या यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींनी तिकीट काढून मराठी स्टँड-अप ऐकण्याची सवय पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना लावली. आमच्यापैकी प्रत्येकाने तिथवर पोहोचावे असे माझे म्हणणे नाही. बहुतेकजण पोहोचणार नाहीत. पण आपल्या शहराचा, आपल्या घराचा विनोद आपल्याच बोलीत चांगला रचता यावा आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकावा, एवढी इच्छा अवाजवी नाही.

आता शिव्यांच्या आक्षेपाकडे येते. तो निराधार नाही. अनेक नवखी मुले मोबाइलवर पाहिलेल्या मोठ्या विनोदकारांची नक्कल करतात आणि नक्कल करताना सर्वांत आधी शिवी उचलतात, कारण ती उचलायला सोपी असते. शिवीमुळे येणारे हसू बहुतेक वेळा दचकल्याचे असते, आणि ते तिसऱ्या शिवीपर्यंत टिकत नाही. माझे मत विचाराल तर विनोद कच्चा असला की माणूस शिवीचा आधार घेतो, आणि जो आपल्यापेक्षा दुबळा आहे त्याच्या शरीरावर, जातीवर किंवा गरिबीवर केलेला विनोद शिवीपेक्षाही वाईट असतो. परंतु हे त्या मुलाला कोण सांगणार? मोबाइलवर त्याला पसंतीचे अंगठे मिळतात आणि घरी तो हे दाखवतच नाही. समोर सोलापूरची चाळीस माणसे बसलेली असतील, त्यांत एखादी आजी असेल, एखादे निवृत्त शिक्षक असतील, आणि त्याच्या शिवीवर त्या खोलीत कोणीच हसले नाही, तर पुढच्या वेळी ती शिवी आपोआप गळते. हे मी होताना पाहिले आहे. म्हणून ज्यांना या प्रकाराविषयी तक्रार आहे, अशाच वडीलधाऱ्यांनी पहिल्या रांगेत येऊन बसावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरा प्रश्न भीतीचा आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खार येथील एका स्टुडिओत चित्रित झालेल्या कार्यक्रमातील राजकीय टिप्पणीवरून त्या जागेची तोडफोड झाली. बोलणारा एक आणि खुर्च्या मोडल्या दुसऱ्याच्या. त्यानंतर लहान शहरांतील जागामालकांच्या मनावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना करता येते. आमच्याकडे तर जागा मागायला गेल्यावर भाड्याच्या आधी ‘राजकारण नाही ना?’ असा प्रश्न येतो. कायद्याची वाटही सरळ नाही. रंगभूमीवरील सादरीकरणावर नियंत्रण ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी केलेला १८७६ चा कायदा संसदेने रद्द केला असला, तरी आपल्या राज्यात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. नाटकाला ठरलेली संहिता असते. आमचा मजकूर, वर सांगितल्याप्रमाणे, समोरच्या मावशींच्या एका वाक्याने बदलतो. उद्या तिकीट लावून नाट्यगृहात कार्यक्रम करायचा असेल तर नेमके काय लिहून द्यायचे, कोणाची परवानगी घ्यायची, हे समजावून सांगणारा जाणता माणूस नवख्या मुलांना भेटत नाही. आपल्या शहरातील ज्येष्ठ रंगकर्मींना हे सर्व सोपस्कार पाठ आहेत. त्यांनी एखादी संध्याकाळ काढून आम्हाला हे शिकवले तर फार उपकार होतील. १९३० मध्ये मार्शल लॉ सोसलेले हे शहर आहे. त्यानंतर फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांचे नाव आपण नाट्यगृहाला दिले आहे, आणि त्यांपैकी कुर्बान हुसेन हे वृत्तपत्राचे संपादक होते. अशा गावात मुलांना बोलायला जागा मागताना चाचरावे लागू नये असे मला वाटते.

मुलींची अडचण याहून निराळी आहे. कार्यक्रम रात्री साडेआठला सुरू झाला आणि नवख्यांची नावे शेवटी असली, तर मुलीची पाळी येईपर्यंत दहा वाजतात. रिक्षा मिळेल का, गल्लीत कोण काय म्हणेल, याचा हिशेब तिने घरातून निघतानाच केलेला असतो. मंचावर उभी राहिल्यावर सासर, मासिक पाळी किंवा लग्नाची स्थळे यांवर ती बोलली की तेच बोल मुलाने बोलल्यावर खळखळून हसणारी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. माझ्या आईने पहिल्या वेळी मला एकच अट घातली होती, की घरातल्या कोणाचे नाव घ्यायचे नाही. ती मी आजही पाळते आणि मला ती योग्यही वाटते. पण कार्यक्रम संध्याकाळी सातला सुरू होऊन नऊला संपला, तर पूर्व भागातल्या किती तरी मुली येतील. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि दुपारी विड्या वळताना बायकांच्या घोळक्यात जो विनोद चालतो त्याची धार मी कोणत्याही मंचावर पाहिलेली नाही.

पोट भरेल का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. ओपन माइकमध्ये पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी उलट सादर करणाऱ्यालाच शुल्क भरावे लागते किंवा दोन प्रेक्षक सोबत आणावे लागतात. मिळकत सुरू होते ती बऱ्याच काळानंतर, तिकिटांच्या कार्यक्रमांतून किंवा कंपन्यांच्या समारंभांतून, आणि तीही फार थोड्यांची. त्यामुळे नोकरी किंवा शिक्षण सोडून कोणीही यात उडी घेऊ नये, असे मी माझ्याहून लहान मुलांना नेहमी सांगते. कारखान्यातील माझ्या नोकरीने मला घरभाड्याची हमी दिली आहे आणि लिहायला विषयही दिले आहेत. मोजमाप घेताना शाळांचे प्रतिनिधी काय काय मागण्या करतात, यावरच माझा अर्धा सेट उभा आहे.

रीलबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तरुणांची दिशाभूल सर्वांत जास्त तिथेच होते. अर्धवट शिजलेला विनोद चाळीस सेकंदांच्या चित्रफितीत टाकला की दोन नुकसाने होतात. ज्याने तो पाहिला तो प्रत्यक्ष ऐकताना हसत नाही, कारण शेवट त्याला ठाऊक असतो. आणि मागचा-पुढचा संदर्भ कापलेला असल्यामुळे नको तो अर्थ निघून भांडणे लागतात. अनुभवी विनोदकार आपला नवा मजकूर पक्का होईपर्यंत बाहेर येऊ देत नाहीत. प्रेक्षकांनीही शिकाऊ मुलाचे बोलणे त्याला न विचारता मोबाइलवर टिपून पुढे पाठवू नये. चुकण्याची मोकळीक ही सरावाची अट आहे, आणि चुकलेले वाक्य त्याच रात्री गावभर फिरणार असेल तर कोणीही काही नवे करून पाहण्याचे धाडस करणार नाही.

यासाठी मोठे नाट्यगृह लागत नाही. उलट ते गैरसोयीचे ठरते. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहात चाळीस माणसे पसरून बसली तर एकाचे हसू दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तीच चाळीस माणसे पन्नास खुर्च्यांच्या खोलीत खांद्याला खांदा लावून बसली की एकाचे पाहून दुसरा हसतो आणि बोलणाऱ्याला धीर येतो. छत ठेंगणे, खुर्च्या मंचाला अगदी लागून, सादर करणाऱ्यावर एक दिवा आणि प्रेक्षकांत थोडा अंधार, आवाज फुटणार नाही असा साधा माइक, एवढी सामग्री पुरे आहे. एखाद्या वाचनालयाची वरची खोली, महाविद्यालयाचा संध्याकाळी बंद असलेला वर्ग, समाजाच्या मंगल कार्यालयातील जेवणाचा छोटा हॉल, यांपैकी कोणतीही जागा आठवड्यातील एका संध्याकाळी दोन तास मिळाली तर आमचे काम होईल. भाडे आम्ही वर्गणी काढून देऊ; ते आमच्या पगारांना झेपेल असे असावे एवढीच अपेक्षा आहे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. शहरात नाटकाचा प्रयोग किंवा गाण्याची मैफल झाली की आपण त्यावर चार ओळी छापता. आमच्या कार्यक्रमाला आपला एखादा प्रतिनिधी आला आणि त्याने कोणता विनोद जमला, कोणता फसला, कोणी दुसऱ्याची चोरी केली, हे परखडपणे लिहिले, तर त्याचा आम्हाला कौतुकापेक्षा जास्त उपयोग होईल. ज्या ज्येष्ठ वाचकांच्या पत्रामुळे मी हे लिहायला घेतले, त्यांनाही पहिल्या कार्यक्रमाचे आग्रहाचे निमंत्रण आहे. त्यांना जे आवडणार नाही ते त्यांनी त्याच ठिकाणी, आमच्या तोंडावर सांगावे.

ज्या संस्थांना किंवा व्यक्तींना अशी जागा देणे शक्य असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास आम्ही स्वतः येऊन भेटू. खुर्च्या मांडणे, नंतर झाडून घेणे, दिवे-पंखे बंद करून किल्ली वेळेवर परत देणे ही जबाबदारी आमची राहील. वार कोणताही चालेल, फक्त एकदा ठरलेला वार पुढे निदान सहा महिने बदलू नये, म्हणजे येणाऱ्यांना तो लक्षात राहील आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्या मुलांना शेवटची एसटी पाहून यायचे ठरवता येईल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
पूर्व भाग, सोलापूर